सेनिओच्या बांधाखालचा कॅरियर : प्रकल्प नोंदी

8 जून

बेळगावजवळच्या कंग्राळीचे सुभेदारसाहेब बुटाच्या खोक्यातून गाडी घेऊन आले. 1/35 मापाचा युनिव्हर्सल कॅरियर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली साखळीपट्ट्यांवर (ट्रॅकवर) चालणारी लहान चिलखती गाडी. प्लास्टिकचे सुटे भाग जोडायचे जपानी किट, त्यांच्या थोरल्या भावाने ऐंशीच्या दशकात जोडलेले. खोक्यात आणखी प्लास्टिकचे दोन शिपाई, तिसऱ्याचे नुसते बूट (ते गाडीच्या तळाला चिकटून राहिलेत) आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला शिशाचा एक सैनिक. साहेबांचे म्हणणे थोडक्यात असे : "सगळं एका पाटावर उभं कर. सेनिओ नदी. जंगी पलटण." ते स्वतः त्याच पलटणीतून निवृत्त झालेले. विषय बदलायला जागा नाही.

सेनिओ ही उत्तर इटलीतली लहानशी नदी. पाणी चार-पाच फूट, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच मातीचे बांध, आणि त्या बांधांत जर्मनांनी पोखरून केलेले मोर्चे. 9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळी आठव्या भारतीय डिव्हिजनने तिथे हल्ला केला. त्यात 1/5 मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे आजची पहिली बटालियन, जंगी पलटण. कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या, असलेला शिपाई नामदेव जाधव याला त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमी सोबत्यांना त्याने खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले. मग मशीनगनचे तीन मोर्चे मोडले. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन ग्रेनेड वापरले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभा राहून पलटणीची आरोळी ठोकली आणि मागच्यांना हात करून पलीकडे बोलावले.

साहेबांना तो बांधावर उभा हवा आहे. मी नाही म्हटले. 1/35 मापात डोके सहा-साडेसहा मिलिमीटरचे. तेवढ्यात चेहरा रंगवता येतो, पण ज्याचे खरे छायाचित्र लोकांनी पाहिले आहे त्याचा चेहरा आणता येत नाही. उगाच कुणाचेही तोंड लावून खाली त्याचे नाव लिहायचे, हे मला पटत नाही. तडजोड ठरली : नाव कुणाचेच नाही. अलीकडच्या बांधाच्या पायथ्याला गाडी, आणि एक जण आरोळी देतोय.

11 जून

पाहणी. व्हर्नियर आणि भिंग घेऊन बसलो.

खऱ्या कॅरियरची लांबी सुमारे 3.65 मीटर, म्हणजे 1/35 ला 104 मिलिमीटर. किट बरोबर आहे. जाडीचे मात्र बघवत नाही. खऱ्या गाडीचे चिलखत 7 ते 10 मिलिमीटर पत्र्याचे. रायफलची गोळी आणि उडते तुकडे अडवण्यापुरते. 10 मिलिमीटरला 35 ने भागले की 0.29 येते. किटच्या भिंतीची वरची कड मी मोजली ती 1.1 मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात जवळपास 38 मिलिमीटर. हे रणगाड्याचे चिलखत झाले. कॅरियर वरून उघडा असतो, त्यामुळे ही कड सगळ्यात आधी नजरेत भरते.

वरचा रंग ब्रशने दिलेला इनॅमल, जाड, रिव्हेटांची डोकी बुडालेली. रबरी ट्रॅक कडक होऊन तुटलेत, आणि जिथे जिथे ते चाकांना टेकून होते तिथे चाकेच खाल्ली गेलीत. हे जुन्या किटांत नेहमीचे. मऊ विनाइलमधले तेल वर्षानुवर्षे बाहेर झिरपते आणि पॉलिस्टायरीन विरघळवते. सहा चाकांपैकी एकच धड आहे.

15 जून

जोड सोडवले. जुन्या ट्यूबवाल्या गोंदाचा जोड चाकूने सोडवायला गेलो तर प्लास्टिक फाटते. त्याऐवजी गाडी पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये. थंडीने गोंद ठिसूळ होतो आणि बोटांनी हलकी पिळ दिली की कट्कन सुटतो. फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी चिखलात माखलेली लष्करी गाडी ठेवल्याबद्दल आईने जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.

पुढचा उतरता पत्रा, मागची दोन्ही खोकी, बोग्या (चाकांच्या जोड्या) आणि इंजिनवरचे झाकण अख्खे निघाले. इंजिन गाडीच्या मधोमध असते, फोर्डचे व्ही-8, आणि माणसे त्याच्या दोन्ही अंगांना बसतात. उन्हाळ्यात त्याच्याशेजारी बसणाऱ्याचे काय होत असेल ते भट्टीवर काम करणाऱ्याला सांगायला नको.

19 जून

रंग उतरवला. प्लास्टिक आणि शिसे यांची औषधे नेमकी उलटी आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

पॉलिस्टायरीनला एनसी थिनर किंवा अॅसिटोन चालत नाही, गाडीच विरघळेल. त्याला कॉस्टिक सोड्याचे पाणी चालते : इनॅमल फुगून सुटतो, प्लास्टिकला काही होत नाही. शिशाला मात्र कॉस्टिक खाते, तिथे अॅसिटोन बरे. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचे नाही. हातात लांब रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि भांडे प्लास्टिकचे. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात केले तर पातेलेही जाईल आणि वर हायड्रोजनही सुटेल.

जुन्या टूथब्रशने घासल्यावर रिव्हेट दिसू लागले. साहेबांच्या भावाने जोडकाम अतिशय सरळ केले होते, हे रंग गेल्यावरच कळले.

27 जून

चाके. धड असलेले एकच चाक साचा म्हणून वापरून बाकीची पाच ओतायची. हे आमच्या घरचे काम. उद्यमबागेत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यांसाठी नमुने बनवतात तिथे, मी रोज हेच करतो, फक्त तिथे चाक दीड फुटाचे असते.

ओतकामात पहिला प्रश्न आकसण्याचा. बिडाचे कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. रेझिनची आकसण त्यापेक्षा बरीच कमी आणि चाक 14 मिलिमीटरच्या आतबाहेर. फरक व्हर्नियरवर दिसेल, डोळ्याला नाही. सोडून दिले.

सिलिकॉनचा साचा एकाच बाजूचा केला. चाकाची मागची बाजू सपाट ठेवली, ती कुणाला दिसत नाही. रेझिन ओतताना रबराच्या कडेला हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून आधी साच्यात चिमूटभर टाल्कम पावडर फुंकून घेतली. पावडरीवरून रेझिन कोपऱ्यापर्यंत सरकते. फाउंड्रीतला आमचा मेल्टर बैलहोंगलचा, जेवणाच्या सुट्टीत तो बघत उभा होता. मी घाईने ओततोय असे पाहून म्हणाला, "निधानक्क माड्री." बिडाची धार असो की रेझिनची, सल्ला तोच : सावकाश, बारीक धार, एकाच कोपऱ्यातून.

चाके उत्तम निघाली. ट्रॅक नवे, सुट्या कड्यांचे मागवलेत.

6 जुलै

कडा पातळ करण्याचे कंटाळवाणे काम संपले. बाहेरची बाजू रिव्हेटांची, तिला हात लावता येत नाही. म्हणून आतल्या बाजूने तासणीने तिरका उतार काढला. फक्त वरची कड 0.3 मिलिमीटरवर आली, खाली भिंत जाडच आहे. वरून बघणाऱ्याला पत्रा वाटतो. 400 चा वॉटर पेपर, मग 800, मग 1200. तासताना चुकून भोक पडेल अशा जागी आधी मागून रनरचा लगदा भरला होता. लगदा म्हणजे किटच्या चौकटीचे तुकडे लिक्विड सिमेंटच्या बाटलीत विरघळवलेले. गाडीच्याच प्लास्टिकची पुट्टी. वाळल्यावर तासायला सारखीच लागते, बाजारातल्या पुट्टीसारखी भुगा होऊन निघत नाही.

इथे थोडे कॅरियरच्या वळण्याबद्दल, कारण ते मला या गाडीतले सगळ्यात सुंदर यंत्रकाम वाटते. ट्रॅकची गाडी वळते ती साधारणपणे एका बाजूचा ट्रॅक अडवून. कॅरियरला मोटारीसारखे स्टिअरिंग चाक आहे. ते थोडे फिरवले की दोन्ही बाजूंच्या पुढच्या बोग्यांना जोडणारी आडवी नळी एका अंगाला सरकते, तिच्याबरोबर बोग्या सरकतात, आणि ट्रॅक चक्क वाकतो. जमिनीवर त्याचा कंस होतो आणि गाडी त्या कंसाने जाते. चाक आणखी फिरवले तरच आतल्या बाजूचा ब्रेक लागतो. असे साधे, चिवट यंत्र असल्यामुळेच ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका मिळून एक लाखाहून जास्त गाड्या निघाल्या. चिलखती गाड्यांत एवढी संख्या दुसऱ्या कुणाची नाही.

मी गाडी किंचित डावीकडे वळताना दाखवणार. बोगी खऱ्या मापात दोन इंच सरकली असे धरले तर आपल्याकडे दीड मिलिमीटर. सुट्या कड्यांच्या ट्रॅकला तेवढा बाक देता येतो. शंभरातल्या नव्याण्णव जणांना दिसणार नाही. साहेबांना दिसेल.

13 जुलै

पाऊस. खानापूरकडून ढग एकामागून एक. रंगाचे काम नाही.

20 जुलै

बाहेर पडता येत नाही, म्हणून शिशाच्या सैनिकाकडे वळलो. रेझिनच्या चाकांपेक्षा हे अवघड निघाले.

54 मिलिमीटरचा, भरीव, पायाखाली कंपनीचे नाव नाही. अंगावरून उभी गेलेली जोडाची रेघ जाड आणि वाकडी आहे, म्हणजे साचा घरगुती. खाकी गणवेश, टोपीत लाल-हिरवा तुरा. गुडघ्याखाली आणि रायफलच्या दस्त्यावर रंगाखालून करडी-पांढरी भुकटी वर आली आहे. बोट लावले की झडते.

हा शिशाचा रोग. संग्राहकांत त्याला लेड रॉट म्हणतात. हवेत अॅसेटिक आम्लाची वाफ आणि ओल असली की शिशाच्या पृष्ठभागावर आधी अॅसिटेट तयार होते, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचे कार्बोनेट करतो. या दुसऱ्या पायरीत आम्ल पुन्हा मोकळे होते आणि पुढचे शिसे धरते. म्हणून एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. जुन्या काळी पेंटवाल्यांचा सफेदा मुद्दाम असाच करत, शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत कोंडून. तेच रसायन इथे कुणी न सांगता चालू झाले.

साहेबांना फोन करून विचारले, सैनिक कुठे ठेवत होता. प्लायवूडचे शोकेस, समोर काच. बंद. काच कशाने चिकटवली? "त्या काचवाल्यानं पांढरी ट्यूब मारली की. आठवडाभर आंबट वास येत होता." झाले. प्लायवूडमधून आम्लाची वाफ निघतेच, आणि व्हिनेगरचा वास येणारा सिलिकॉन वाळताना अॅसेटिक आम्लच सोडतो. त्यात बेळगावचा पावसाळा. यापेक्षा वाईट जागा शिशासाठी मुद्दाम शोधूनही मिळाली नसती.

उपचार : हातमोजे घालून, मऊ ब्रशने, सगळे ओले ठेवून भुकटी काढली. कोरडे घासायचे नाही. ती भुकटी विषारी आहे आणि श्वासातून जाते. खालचे वर्तमानपत्र ओलेच गुंडाळून पिशवीत बंद केले, स्वयंपाकघराचा ब्रश वापरला नाही, धाकट्या पुतण्याला खोलीबाहेर ठेवले. मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, पंख्याखाली वाळवून, सिलिका जेलच्या डब्यात.

27 जुलै

शिशाच्या सैनिकाचे पुढे काय, यावर साहेबांशी बराच वेळ बोललो. त्यांना तो "नवा कोरा" हवा होता. माझे मत वेगळे. गाडीवरचा जुना रंग मी उतरवला कारण तो रंग खालचे काम झाकत होता आणि किट आजही बाजारात मिळते. हा सैनिक पुन्हा मिळणार नाही. तोंडावरचा आणि छातीवरचा मूळ रंग अजून पक्का आहे, भुवया एकेका फटक्यात ओढल्यात आणि हात तयार माणसाचा दिसतो. भुकटी गेलेल्या जागाच फक्त पातळ अॅक्रिलिक लॅकरने बंद करायच्या, तिथे खाकी जुळवायची, बाकी शिवायचे नाही. थोडे कुरकुरून ते राजी झाले.

दुसरी अडचण मापाची. 54 मिलिमीटर गुणिले 35 म्हणजे 1.89 मीटर, सव्वासहा फुटांच्या जवळ. 54 मिलिमीटरचे सैनिक मुळात 1/32 च्या आसपासचे, 1/35 च्या गाडीशेजारी उभे केले की खांद्याने गाडी उचलतील असे दिसतात. साहेबांना म्हटले, एवढा उंच मराठा तुमच्या पलटणीत किती होते? ते हसले. सैनिक वेगळ्या लाकडी... नाही, वेगळ्या अॅक्रिलिकच्या बैठकीवर उभा राहील. लाकूड नको.

3 ऑगस्ट

दोन दिवस उघडीप. प्रायमर आणि मूळ रंग उरकून घेतला.

दमट हवेत लॅकर फवारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी साय येते. उपाय तीन : हळू उडणारा थिनर, पातळ हात, आणि कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा. सापळ्याची वाटी तासाभरात निम्मी भरली, यावरून हवेचा अंदाज यावा. एअरब्रशला 0.3 चा नोझल, हवेचा दाब 15 ते 18 पीएसआय.

रंगाबद्दल. एप्रिल 1944 पासून ब्रिटिश सैन्याच्या गाड्यांसाठी एससीसी 15 हा ऑलिव्ह ड्रॅब प्रमाण ठरला, अमेरिकन रंगापेक्षा जरा हिरवट. इटलीत त्याआधीच्या गाड्यांना फिकट मातकट रंग आणि त्यावर काळपट पट्टे असत. आपली गाडी जुनी, मागाहून हिरवी केलेली असे मी धरले आहे. म्हणून आधी मातकट रंगाचा पूर्ण हात, त्यावर हेअर स्प्रे, त्यावर हिरवा. ओल्या ब्रशने कडांवर हलके टोचले की हिरवा सुटतो आणि खालचा मातकट दिसतो. फक्त बूट लागतात तिथे : चढायची कड, ड्रायव्हरचा उजवा कोपरा, मागच्या खोक्यांची झाकणे. सगळीकडे टोचत सुटणारे बघितले की वाटते, गाडी लढाईतून आली की भंगार बाजारातून?

हिरव्यात जरासा पिवळसर पांढरा मिसळला. खऱ्या गाडीचा नेमका रंग छोट्या प्रतिकृतीला दिला तर ती काळोखी दिसते.

10 ऑगस्ट

आता चेहरे. या प्रकल्पातले खरे काम हेच, आणि यासाठी शहापूरला मूर्तिकार मामांच्या शेडमध्ये गेलो. गणपती सतरा दिवसांवर, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, मामांना मान वर करायला सवड नाही. तरी एका स्टुलावर बसायला दिले.

अडचण अशी. किटबरोबरच्या कागदावर शिपायांच्या तोंडाला एकच रंग सांगितलेला असतो, 'फ्लॅट फ्लेश'. तो लावला की मराठा पलटणीचा शिपाई इंग्लंडातल्या लँकेशायरचा होतो. बहुतेक जण यावर उपाय म्हणून त्याच रंगात तपकिरी किंवा काळा घालतात. मग चेहरा राखेसारखा करडा, आजारी दिसतो. मी शेजारच्या गणपतीच्या हाताकडे बघत हे मामांना सांगितले.

मामा म्हणाले, "काळा घालूच नको. विठ्ठलाचा काळा वेगळा, माणसाचा सावळा वेगळा. माणसाची सावली तांबड्यातून येते." आणि हातातल्या स्प्रे गनने सोंडेच्या घडीत विटकरी रंगाची एक फुंकर मारून दाखवली. घडी खोल गेली, पण मेली नाही.

पांढऱ्याबद्दलही तेच. उठाव द्यायला पांढरा मिसळला की कातडी खडूसारखी होते. त्यांनी पिवळी माती आणि शेंदरी यांचा मऊ रंग दाखवला. त्यांच्या बादलीतले प्रमाण माझ्या थेंबांत उतरवायचे एवढेच काम उरले.

निघताना त्यांनी माझ्या हातातला शिपाई घेऊन चष्मा वर केला. "एवढ्याशाचे डोळे आखतोस? काय खूळ रे."

15 ऑगस्ट

सुट्टी. सकाळपासून चेहरे. मिश्रणे लिहून ठेवतो, पुढे लागतील.

सगळ्यात खाली : बर्न्ट अंबर आणि कॅव्हलरी ब्राउन निम्मे-निम्मे. हा पूर्ण चेहऱ्याला. डोळ्यांच्या खोबणी, नाकाच्या बाजू, ओठाखाली आणि हेल्मेटच्या पट्ट्याच्या कडेने तो तसाच उघडा राहणार. त्यावर बीज ब्राउनमध्ये थोडा कॅव्हलरी ब्राउन, पाण्यासारखा पातळ, एकावर एक. उठावासाठी त्यातच पिवळी ऑकर आणि अगदी कणभर फ्लॅट फ्लेश : नाकाचे टोक, गालाचे हाड, खालच्या पापणीखालची कड, हनुवटी. पांढरा नाही.

तिघांचे तीन रंग केले. एक गव्हाळ, एक सावळा, एक काळासावळा. कोकणातला, देशावरचा आणि बेळगावकडचा एकाच खंदकात बसले तर असेच दिसणार. काळासावळ्याला उठाव कमी आणि चमक जास्त. तिथे ऑकरऐवजी किंचित तांबूस ठेवून नाकावर साटिन वार्निशचा ठिपका दिला. गडद कातडीवर प्रकाश रंगापेक्षा चकाकीने कळतो. हे मामांनी सांगितले नव्हते, पण त्यांच्या शेडमधल्या विठ्ठलाकडे बघून सुचले.

दाढीची झाक : जबड्यावर आणि वरच्या ओठावर निळसर करडा नव्हे, हिरवट तपकिरी, ग्लेझइतका पातळ. निळा आपल्या कातडीवर मार लागल्यासारखा दिसतो.

डोळे. खऱ्या बुबुळाची रुंदी बारा मिलिमीटर, आपल्याकडे 0.34. उघड्या डोळ्याची उंची 0.3 च्या आतच. यात शुद्ध पांढरा दिला की माणूस भूत बघितल्यासारखा होतो. मळकट, तपकिरीकडे झुकणारा करडा द्यायचा, बुबुळ वरच्या-खालच्या दोन्ही पापण्यांना टेकवायचे, आणि वरच्या पापणीची गडद रेघ खालच्यापेक्षा जाड. केसाएवढ्या 000 ब्रशपेक्षा चांगल्या टोकाचा 1 नंबरचा सेबल बरा. पोटात रंग धरतो, डोळ्यापर्यंत जाईस्तोवर टोक वाळत नाही.

आरोळी देणाऱ्याचे डोके रेझिनचे, वेगळे घेतलेले. उघडे तोंड आत गडद मरून. जीभ त्याहून जरा उजळ, ओली. दात सुटे काढायचे नाहीत, वरच्या ओठाखाली हस्तिदंती रंगाची एक तुटक रेघ, मधे जाड आणि बाजूंना विरत जाणारी. आणि त्याने वर केलेला हात : तळवा समोर आहे. तळवा कातडीहून उजळ आणि गुलाबीकडे, बोटांच्या पेरांच्या रेषा गडद. हात चेहऱ्याच्याच रंगात बुडवला असता तर मोजा घातल्यासारखा दिसला असता. युरोपियन शिपाई रंगवणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, म्हणून कुठल्याही कागदावर त्याचे उत्तर छापलेले नसते.

कपडे पटकन झाले. एप्रिलचा इटली, लोकरी बॅटलड्रेस, तपकिरी खाकी. वेबिंगवर, म्हणजे अंगावरच्या पट्ट्या-पिशव्यांवर, फिकट हिरवट ब्लँको (त्यांना लावायचा रंग). मार्क 2 हेल्मेट, जाळीसकट.

24 ऑगस्ट

मामांचा निरोप : शाडू उरलीय, घेऊन जा. पिशवी आणली. उद्यापासून घरात आरास, टेबल मखराला गेले. अनंत चतुर्दशी होईपर्यंत काम बंद.

9 सप्टेंबर

चिखल आणि बांध.

आमच्याकडे माती दोनच ओळखीच्या. पश्चिमेला खानापूरकडे तांबडी, पूर्वेला बैलहोंगल-गोकाककडे काळी. इथली दुकाने, इथले हात, सगळे यांतच माखलेले. साहजिकच मनात चिखल म्हटले की तांबडा येतो. रोमान्याच्या, म्हणजे सेनिओ वाहते त्या इटलीतल्या मुलखाच्या, सपाट प्रदेशातली माती नद्यांनी आणलेल्या गाळाची, करडी-पिवळसर. सेनिओवर तांबडा चिखल लावणे म्हणजे जंगी पलटणीला जांबोटीच्या घाटात लढायला लावणे. शाडू मात्र या गाळाच्या फार जवळ आहे. तिच्यात थोडी पिवळी ऑकर आणि कणभर अंबर, बांधायला मॅट अॅक्रिलिक मीडियम.

बांध थर्माकोलचा, वर शाडूचा लेप, अर्धा ओला असताना गवताचे तंतू. एप्रिल आहे, गवत हिरवे. माथ्याजवळ मात्र काळे करपलेले, कारण त्या संध्याकाळी हल्ल्याआधी बांधांवर ज्वालाफेके चालले होते. त्यातले काही वॉस्प, म्हणजे कॅरियरवरच बसवलेले. आपली गाडी वॉस्प नाही, दारूगोळा आणणारी साधी आहे. ट्रॅकच्या खुणा शाडू ओली असतानाच उमटवल्या, डावीकडे हलका कंस देऊन, बोगीशी जुळेल असा.

गाडीवर चिखल तीन प्रकारचा : वर वाळलेली फिकट धूळ, मधे ओलसर गडद, आणि ट्रॅकच्या आत, चाकांच्या मागे, ताजा चकाकणारा. ट्रॅकच्या जमिनीला लागणाऱ्या कडांवर मऊ पेन्सिलीचे शिसे घासले. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइट, त्याला शोकेसमध्ये काही होत नाही.

21 सप्टेंबर

साहेब बघायला आले. आधी स्टिअरिंगचा बाक बघितला, बोटाने कंस हवेत काढला आणि मान हलवली. मग आरोळीवाल्याकडे बराच वेळ. "पट्टा ढिला आहे."

हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा त्याच्या गालावरून सैल लोंबतो. मी मुद्दाम ठेवला होता, तोंड उघडल्यावर ताण दिसावा म्हणून. साहेबांचे म्हणणे, शिपाई पट्टा असा सोडत नाही, हवालदार सोडू देणार नाही. माझे म्हणणे, नदी ओलांडण्याच्या त्या संध्याकाळी हवालदाराला पट्टे बघायला वेळ नव्हता. "हवालदाराला वेळ असतो," साहेब म्हणाले. पट्टा आवळला. शिशाच्या पातळ पत्र्याची नवी पट्टी कापली होती, ती काढून कागदाची लावली. आता शिसे कशातच नको वाटते.

शिशाच्या सैनिकाचा चेहरा त्यांनी भिंगातून बघितला आणि न बोलता परत डब्यात ठेवला. अॅक्रिलिकची दोन झाकणे करायला टाकलीत, जोडायला बिनवासाचा न्यूट्रल सिलिकॉन.

28 सप्टेंबर

झाकणे आली. धुऊन, आठवडाभर मोकळी ठेवून मगच वापरणार.

काल रात्री पाट साहेबांच्या दिवाणखान्यातल्यासारख्या पिवळ्या बल्बखाली ठेवून बघितला. माझ्या टेबलावरच्या पांढऱ्या एलईडीखाली बरोबर दिसणारा गाळ तिथे हिरवट दिसतो, उजव्या बाजूला जास्त. पिवळी ऑकर आणि ऑलिव्ह शेजारी आले की असे होते. त्या बाजूला गेरूचा एक अगदी पातळ हात टर्पेंटाइनमधून मारायचा, बल्बखाली बसूनच, आणि मग कंग्राळीला न्यायचे.